फटी बुजवलेलं चाक

"आता यात कमी काय हाय, उस्ताद?"

दौलतनं फडक्याचा शेवटचा हात मारला आणि मागं सरला.

आंबोली घाटाच्या तोंडाशी बाबालाल उस्तादांची शेड होती. सकाळ उजाडली होती, पण धुकं इतकं, की दारातली मोटारसायकल अधांतरी तरंगतेय असं वाटत होतं. तिची दोन्ही चाकं दौलतनं घासून आरसा केली होती. रिम चमकत होती, तारा चमकत होत्या, साधे नटसुद्धा चमकत होते.

उस्तादांची एक रीत होती. शिष्यानं सजवलेल्या चाकांवर बसून ते स्वतः घाट उतरायचे. ते उतरले, की शिष्यानं आपलं गॅरेज खुशाल उघडावं. दौलतनं आजऱ्यात जागा बघूनही ठेवली होती. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

उस्तादांनी डोळे मिटून चाकावरून बोटं फिरवली. मधल्या कडीशी ती थबकली.

या कडीला फटी असतात. त्या फटींवरून ब्रेकला कळतं, चाक फिरतंय की अडकून घसरतंय. अडकलं, तर ब्रेक क्षणभर सोडतो, धरतो, पुन्हा सोडतो... आणि ओल्या उतारावरही गाडी सरळ उभी राहते.

"फटी कुठं गेल्या?"

"बुजवल्या. वेल्डिंग भरलं आन् घासून काढलं. त्यात मळ बसतोय, समदी शोभा जाती."

"आन् ब्रेक?"

"लागतोय की! तुमी चमक तरी बघा..."

नाकापेक्षा मोती जड झाला होता. पण तो ज्याच्या नाकात, त्याला कसा कळावा?

उस्तादांनी बोटं फडक्याला पुसली.

"बरं. खाली वळणावर जा. रस्त्याच्या मधोमध उभा ऱ्हा. मी येतो, तुझ्याम्होरं थांबवतो."

दौलत शीळ घालत गेला. वळणावर उभा राहिला आणि शीळ कुठं गेली ते कळलं नाही. रस्ता ओला होता. शेड दिसेना, झाडं दिसेनात. आपण जागे आहोत की झोपेत चालत आलोय, हेही त्याला उमगेना...

वर इंजिन सुरू झालं.

आवाज वाढत गेला. दौलतचे पाय आपोआप कडेला सरले. आपण वाचलो... आणि म्हातारा? धुक्यातच त्याला पुढचं चाक अडकताना दिसलं, गाडी आडवी होताना दिसली. बाप गेल्यावर ज्यानं जेवू घातलं, काम शिकवलं, तो म्हातारा दरीकडं घसरत जाताना दिसला.

तो हात पसरून चढावर धावत सुटला.

"उस्ताद, येऊ नगा! न्हाई थांबायची ती! माझ्या हातची हाय, मला ठावं हाय... न्हाई थांबायची!"

ओरडत, ठेचकाळत तो शेडपाशी पोचला.

गाडी दारातच होती, डबल स्टँडवर. वर बसून उस्ताद निवांत ॲक्सिलरेटर पिळत होते. मागचं चाक हवेतच फिरत होतं, धुक्यात झगझगत होतं.

दौलतला रडू फुटलं.

उस्तादांनी किल्ली फिरवली. चाक हळू झालं... आणखी हळू...

"थांबली की रं," ते म्हणाले.