दिवसा मिटलेले डोळे

"पण त्यो डोळं मिटतो कवा?" आक्कांनी विचारलं.

"मी ध्यानाला बसलो की," त्र्यंबकराव म्हणाले. "मी मिटले की थोड्या वेळाने त्याचेही मिटतात."

आक्का पिंजऱ्याकडे वाकल्या. जाळीच्या आत करंजाची एक फांदी होती आणि फांदीला धरून सरडा बसला होता. झाडावरचा, रंग बदलणारा, ज्याला काही लोक घोयरा म्हणतात तो. दुपारचं ऊन थेट अंगावर पडलं होतं, तरी तो हलत नव्हता.

आक्का माळावरच्या मठीत एकट्या राहत. त्यांच्याकडे शिकलेल्या माणसाला पुढे कुणाला शिकवायचं असेल, तर आधी एक मुका जीव घरी नेऊन सांभाळावा लागे. तो चांगला जगला, तर परवानगी. कुणाला शेळी मिळे, कुणाला पंख मोडलेला कावळा. त्र्यंबकरावांच्या वाट्याला हा सरडा आला, तेव्हा त्यांना तो जरा अपमानच वाटला होता. एवढा वेदान्त पचवलेला माणूस, आणि हातात काय, तर सरडा.

आज ते परवानगी घ्यायला आले होते. मागायला नव्हे, घ्यायलाच. घरी शिष्यांसाठी गाद्या घालण्यापर्यंत तयारी झाली होती.

"आधी फार चंचल होता," ते म्हणाले. "एक डोळा इकडे, एक तिकडे. मी दिसलो की काळाठिक्कर पडायचा, तोंड वासून फुत्कारायचा. आता बघा. राग गेला. भूक गेली. समोर नाकतोडा सोडला तरी ढुंकून बघत नाही. वाटीत पाणी भरून ठेवतो, त्यालाही तोंड लावत नाही."

"वाटीत?"

"चांदीच्या."



आक्का उठल्या. कडुनिंबाचा एक डहाळा घेऊन तो रांजणात बुडवला आणि पिंजऱ्यावर झटकला. पाणी करंजाच्या पानांवर पडलं. थेंब पानांच्या टोकाशी जमून एकेक करून खाली ओघळू लागले.

बराच वेळ काही झालं नाही.

मग सरड्याचा एक डोळा उघडला. खोल गेलेला, सुरकुतलेला. तो एका थेंबावर येऊन थांबला. जबडा सावकाश उघडला आणि थेंब आत गेला. मग आणखी एक.

"साचलेलं पानी ह्याला दिसत न्हाई," आक्का म्हणाल्या. "हलतंय तेच दिसतं. आनि ह्यानं दिवसा डोळं मिटलं, म्हंजी ह्यो मराय लागलाय."

त्र्यंबकराव हसायला गेले, ते तसंच राहिलं. "मग एवढे दिवस ते ध्यान..."

"तहान हुती."

"तुम्ही सांगितलं नव्हतं, आक्का."

"बघत जा म्हनलं हुतं. तू डोळं मिटून बसलास."

त्र्यंबकरावांना राग आला. एका सरड्यापायी आपलं सगळं फुकट जाणार, हे त्यांना पटेना. ते काही बोलणार, तेवढ्यात सरड्याचा दुसरा डोळा उघडला.

तो थेंबाकडे बघत नव्हता. आक्कांकडेही नाही. तो त्र्यंबकरावांच्या खांद्यावरून मागे बघत होता.

त्र्यंबकरावांनी वळून पाहिलं. मागे दार होतं. दारापलीकडे माळ, आणि माळावरून गावाकडे गेलेली पांढरी वाट. वाटेवर कुणी नव्हतं.

ते बाजूला सरकले. डोळा हलला नाही. वाटेवरच राहिला.

"तिकडे काय बघतोय तो?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"तिकडं तर तुझंच घर हाय," आक्का म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "कालिंदी कशी हाय?"

त्र्यंबकरावांच्या जिवात जीव आला. बायकोबद्दल सांगण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ होतं. सरडा नाही तर नाही, ही साक्ष तरी भक्कम होती.

"ती तर माझ्याही पुढे गेली, आक्का. पूर्वी सारखी गुणगुणायची, शेजारणींशी बोलत बसायची, माझं ध्यान मोडायचं. मी तिला मौन दिलं. पहिल्यांदा रडली. मग रडणंही थांबलं. आता घर इतकं शांत असतं की पाल सरकली तरी ऐकू येते. ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली असते. डोळे मिटून..."

शेवटचे शब्द त्यांचे त्यांनाच ऐकू आले.

"दिवसा?" आक्कांनी विचारलं.

"...हो."

"जेवती?"

"ताट ठेवतो मी. अगदी समोर. तिला कसली कमी नाही."

"आनि पानी?"

"तांब्या भरून ठेवतो."

"आज भरलास?"

त्र्यंबकराव आठवू लागले. सकाळी ते घाईत होते. पिंजरा उचलला, उपरणं घेतलं, कोपऱ्याजवळ गेले, तांब्यात डोकावले...

"आज भरावा लागला नाही," ते म्हणाले. "भरलेलाच होता."

"काल?"

सरड्याच्या जबड्याचा बारीकसा आवाज तेवढा येत होता.

त्र्यंबकराव उठून उभे राहिले. आता त्यांना परवानगी नको होती, गाद्या नको होत्या, शिष्य नको होते. तो कोपरा तेवढा दिसत होता, आणि भिंतीकडे वळलेली ती पाठ. पाठ हलत होती का, ते काही केल्या आठवत नव्हतं.

"निघताना मी तिला हात जोडले," ते पुटपुटले. "तिने डोळे उघडले नाहीत. मला वाटलं, केवढी ही अवस्था..."

"हाक मारलीस?"

"मौन आहे ना तिचं."

आक्कांच्या हातातला डहाळा अजून गळत होता. त्यांनी दाराकडे बोट केलं.

"हाका मारत जा. हितनंच सुरू कर."