ठमाईची वीत

फार वर्षांपूर्वी, घाटाला अजून गाडीरस्ता नव्हता तेव्हा, खोलवाडीत ठमाई नावाची एक बाई होऊन गेली. बाई तशी साधीच. ना जडीबुटी जाणे, ना तिच्या अंगात येई. तिचं काम एकच. दिवस कलला की साऱ्या गावाच्या कोंबड्या हाका मारून गोळा करायच्या आणि खुराड्यात घालायच्या. हसू नका. ज्या गावाला तिन्ही अंगांनी रान आहे, तिथं हे काम पाटीलकीपेक्षा अवघड. पाटील चुकला तर भांडण होतं, इथं चुकलं तर सकाळी नुसती पिसं उरतात.

खुराडं साऱ्या गावात मिळून एकच होतं. गावदेवीच्या पाराला लागून, जाड दगडी भिंतींचं, तोंडाला सागाची फळी. ठमाई पारावर उभी राहून "या गं बायांनो, या" म्हणायची आणि तिची हाक ओढ्यापल्याडच्या कोंबडीलाही ऐकू जायची, असं म्हणतात.

त्या मुलखाची रीत अशी, की नवी सून गावात यायची ती काखेत माहेरची तलंग घेऊन. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी. पुढं तिचीच पिल्लावळ अंगणात वाढायची. म्हणून खोलवाडीच्या बायका कोंबडीला माहेरच्या गावाच्या नावानं हाक मारत. पाहुणा आला तर कोंबडा कापत, पण माहेरच्या कोंबडीला सुरी लावत नसत. एखादीचे आईबाप गेले, भावानं दार लावून घेतलं, तरी तिचं माहेर असं अंगणात दाणे टिपत असायचं. ठमाईचं तर तेवढंच उरलं होतं.

आणि एक नेम होता. फळी लावली की ठमाई तिला देवीचा अंगारा लावायची. मग आतला कोंबडा आरवेपर्यंत ती फळी कुणी उचलायची नाही, खुद्द ठमाईनंही नाही. रानातलं काहीबाही माणसाच्या आवाजात येऊन 'फळी काढ' म्हणतं, असं जुनी माणसं सांगत.

एका उन्हाळ्यात फार उकाडा होता. ठमाईला कोंबड्यांची दया आली आणि तिनं फळी वीतभर उघडी ठेवली. रानमांजराला वीत पुष्कळ झाली. सकाळी पाराभोवती पिसंच पिसं. कुणी तिला शिव्या दिल्या नाहीत. बायका आल्या आणि आपापली पिसं ओळखून पदरात घेऊन गेल्या. ते तिला शिव्यांहून जास्त लागलं. त्यानंतर तिनं फळीच्या कडा घट्ट बसवून घेतल्या आणि भिंतीत मुठीएवढी भोकं तेवढी ठेवली.

मग ते वणव्याचं साल आलं. होळी होऊन गेलेली, रान वाळून कोरडंठाक झालेलं. दिवस मावळायच्या सुमाराला वरच्या कड्यावर धूर दिसला आणि बघता बघता डोंगराची कड लाल झाली. गडी माणसं झोडपायला फांद्या घेऊन वर पळाली. बाया पोरं घेऊन नदीच्या पात्रात उतरायला निघाल्या. ठमाई पाराशी उभी होती. कोंबड्या आत गेल्या होत्या, फळी तिच्या हातात होती.

लावावी, की राहू द्यावी? आग खाली आली तर आतल्या भाजून निघतील. उघडं ठेवावं, तर आगीपुढं रान पळत सुटलेलं, कोल्हे, मुंगसं, रानमांजरं, सगळी गावाकडंच उतरत होती. इकडे आड, तिकडे विहीर. तिच्या डोळ्यांपुढून ती पिसं हलेनात.

सुंदरा नावाची पोरगी त्याच साली लग्न होऊन आली होती. ती परत पळत आली आणि तिनं ठमाईचा हात धरला.

"ठमाई, माजी तांबडी तलंग तेवढी भाईर राहू दे गं. झाडावर बसंल ती. आयनं दिलीया."

"एकीला भाईर ठिवू, तर बाकीच्यांनी काय पाप केलंय?" ठमाई म्हणाली. "रान समदं खाली उतरलंय, पोरी. आत हायेत तवर माज्या हायेत."

आणि तिनं फळी लावली. अंगारा लावला. सुंदरा रडत रडत तिला ओढून नदीवर घेऊन गेली.

नदीच्या पात्रात जे दिसलं ते आजही लोक हळू आवाजात सांगतात. उन्हाळ्यात उरलेल्या डबक्याच्या एका काठाला माणसं बसली होती, आणि दुसऱ्या काठाला कोल्हे, भेकरं, रानमांजरं, एक बिबट्यासुद्धा. सगळी पाणी प्यायली आणि माना खाली घालून बसून राहिली. कुणी कुणाला शिवलं नाही. बायांच्या मांडीवर पोरं झोपली, असं म्हणतात. ठमाई त्या रानमांजरांकडं बघत होती. आज फळी उघडी असती तरी चाललं असतं, हे तिला तिथंच कळलं.

आग ओढ्याशी येऊन विझली. गावातली गवताची काडीही जळली नाही. पण सारा धूर गाव वसलेल्या खोलगटात उतरून बसला होता.

लोक परतले तेव्हा उजाडायला हवं होतं. ठमाईनं फळीवर हात ठेवला आणि थांबली. कोंबडा आरवेना. आत काही फडफडेना. गडी माणसं घुटमळली, पण नेम मोडायला कुणाचा हात उठेना.

"अजून आरवला न्हाई," ठमाई म्हणाली. "आरवंल. जरा थांबा."

थांबले. पूर्वेला तांबडं फुटेना. आरवणारा नव्हता म्हणून त्या दिवशी सूर्य डोंगराआडच थांबला होता, असं म्हणतात. किती वेळ गेला कुणास ठाऊक. पोरं भुकेनं रडायला लागली. तेव्हा ठमाईनं मान वर केली, डोळे मिटले, आणि ती म्हातारी बाई कोंबड्यासारखी आरवली.

कुणी हसलं नाही. ती पुन्हा आरवली, गळा फाटेस्तोवर आरवली, आणि मग डोंगराआडून उजेड आला. तिनं फळी उचलली. आत सगळ्या आपापल्या जागी बसल्या होत्या, झोपल्यागत. एकटी सुंदराची तांबडी खाली होती, फळीच्या कडेला चोच लावून.

त्यानंतर ठमाई माणसाचा शब्द बोलली नाही. सुंदरानं तिला घरी नेऊन घास भरवले. रोज पहाटे ठमाई पारावर जाऊन आरवायची आणि मगच गावात दिवस उगवायचा. ज्यांना माहेर होतं त्यांनी जाऊन नव्या तलंगा आणल्या, ज्यांना नव्हतं त्यांची अंगणं तशीच राहिली. पुढं नव्या पिल्लांतला पहिला कोंबडा ज्या पहाटे आरवला, त्या पहाटे ठमाई पारावर नव्हती. घरातही नव्हती. पुन्हा कुणाला दिसली नाही.

आता खोलवाडीत घरोघरी वेगळं खुराडं आहे. पण कुठलीच फळी पुरती लावत नाहीत, वीतभर उघडी ठेवतात. तिला ठमाईची वीत म्हणतात. त्या वितीतून मुंगूस शिरतं, दर साली कोंबड्या जातात, आणि बायका पिसं वेचून पदरात घेतात. नव्या सुनेला सासू पहिल्याच संध्याकाळी शिकवते, की फळीला हात लावण्याआधी विचारायचं, "ठमाई, लावू का राहू देऊ?" आणि उत्तरासाठी घटकाभर थांबायचं.

सून थांबते. आजवर कुणाला उत्तर मिळालेलं नाही. मग ती वीतभर उघडी ठेवून फळी लावते आणि घरात जाऊन पडते, कान खुराड्याकडं लावून.