पायडल नुसतं फिरतं

"केव्हा अडते?" अण्णांनी विचारलं.

"सांगितलं ना अण्णा, पायडल नुसतं फिरतं, चाक जागचं हलत नाही. सेकंडहँड वस्तू, दुसरं काय. गंगाधरमामांनी फसवलं मला."

"केव्हा अडते, ते विचारलं."

"गाडीच खराब म्हटल्यावर केव्हा काय..."

खंडूअण्णांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आणि माझी चहाची टपरी, मध्ये फक्त एक पत्रा. आठ दिवस केतनचं हेच ऐकून माझे कान किटले होते.

केतन रविवारी अण्णांच्या हाताखाली काम शिकायला यायचा. शिकायला कसला, डिप्लोमा झालेला, अण्णांनाच चार गोष्टी शिकवून जायचा. द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सकाळी सहाची पाळी लागली म्हणून त्याने गंगाधर टेलरांची जुनी सायकल विकत घेतली. थंडीसाठी तयारही स्वतःच केली. अण्णांना विचारलंसुद्धा नाही.

आणि आता रोज ती ढकलत कामावर जायचा, उशीर झाला म्हणून बोलणी खायचा, आणि दुपारी पाळी सुटली की तणतणत इथे यायचा.

अण्णा सायकलवर बसून चौकापर्यंत चक्कर मारून यायचे.

"चालते की."

"तुमच्यासमोर चालते हो!"

वैताग नुसता.

सोमवारी तर त्याने कहर केला. गंगाधरमामा माझ्याकडे चहा पीत बसले होते. चार माणसांत त्यांना लबाड म्हणाला. मामा अर्धा कप तसाच ठेवून उठले.

बावीस वर्षं त्याच सायकलवरून चहाला येणारा माणूस. दुसऱ्या दिवसापासून फिरकला नाही. घराच्या ओट्याखाली उतरतच नाही म्हणे. मला केतनचा इतका राग आला की त्याला चहा द्यायचंच मी बंद केलं.

शेवटी शुक्रवारी अण्णांनी प्रश्न बदलला.

"थंडीसाठी काय काय केलंस हिला?"

केतन खुलला. "पुढे दिवा, मागे लाल दिवा. ब्रेकचे रबर नवे. मुठींना लोकरीचं कापड. आणि साखळी, मागच्या चाकाचं फ्रीव्हील, सगळीकडे घरचं शुद्ध तेल. भरपूर. तुमचं ते काळं तेल नको, पँट खराब होते."

अण्णांनी बोटाने साखळी चाचपली.

"उद्या पहाटे पाचला ये. सायकल रात्रभर अंगणातच राहू दे. आणि ती तेलाची बाटलीही तिच्याशेजारी ठेव. येताना दोन्ही आण."

"त्याने काय होणार?"

अण्णा पुढच्या गिऱ्हाईकाचं पंक्चर काढायला लागले.

पहाटे निफाडचा गारठा असा, की माझा स्टोव्ह पेटता पेटेना. केतन सायकल ढकलत आला. नाक लाल, तोंड वाकडं.

"हात पुढे कर," अण्णा म्हणाले.

त्याने केला. अण्णांनी झाकण काढून बाटली त्याच्या तळहातावर उपडी केली.

काहीच पडलं नाही.

खोबरेल होतं. आत पांढरं, घट्ट गोठलेलं.

केतन रिकाम्या तळहाताकडे बघत राहिला. मग सायकलकडे.

अण्णांनी माझ्याकडून उकळतं पाणी घेतलं आणि फ्रीव्हीलवर ओतलं. आतून पांढरट ओघळ आले, चाकाला पकडणारे आतले खटके सुटे झाले. मागचं चाक उचलून हाताने पायडल फिरवलं. चाक फिरलं. मग फडक्याने पुसून स्वतःचं काळं तेल त्यात थेंबभर सोडलं.

केतनने स्वतः पायडल फिरवून पाहिलं.

"अण्णा... मामांना मी..."

"आता आठवले मामा," मी म्हणालो. राहवलंच नाही.

केतनने मान खाली घातली. "चूक माझीच. आज पाळी सुटली की जातो त्यांच्याकडे. माफी मागतो."

"आत्ता जा."

"आत्ता? सहाची पाळी आहे अण्णा. शिवाय अशा गारठ्यात दार वाजवलं तर तोंडावर लावून घेतील. दुपारी ओट्यावर उन्हात बसतात, तेव्हा जरा बऱ्या मनात..."

अण्णांनी सायकल त्याच्या हातात दिली आणि हात पुसले.

"दुपारी तर तुझी सायकलसुद्धा चालत होती."