धुक्याला ओ देणारी धुरपा

ही गोष्ट खाडीवर पूल नव्हता तेव्हाची. अलीकडे खारशेत, पलीकडे पैलवाडी आणि मधे भरतीला दोन पुरुष खोल होणारं पाणी. पौष-माघात सकाळी असं धुकं उतरायचं, की होडीच्या या टोकाला बसलेल्याला त्या टोकाचा माणूस दिसत नसे. त्या दिवसांसाठी खारशेतात एक नेम होता आणि तो पोरांना बोलता येण्याआधी शिकवत. धुक्यातून हाक आली तर ओ द्यायची नाही. बुडालेली माणसं हाका मारतात आणि जो ओ देईल त्याला घेऊन जातात, असं म्हणतात.

त्या गावात बांधाला लागून धुरपा नावाची बाई राहायची. खाडीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून मातीचा बांध घातलेला होता, तो तिचा नवरा राखायचा. एका उधाणाला बांधाला खांड पडली आणि ती बुजवता बुजवता तो वाहून गेला. खांड पैलवाडीच्या लोकांनी पाडली, असं खारशेतातला प्रत्येक जण छातीठोक सांगे. पाहिलं मात्र कुणीच नव्हतं. पण भांडणाला साक्षीदार लागतो कुठं? दोन्ही गावांचं जाणं-येणं बंद झालं. धुरपानं एकुलत्या एका लेकाला, काथोडला, एकटीनं वाढवलं आणि भाकरीच्या प्रत्येक तुकड्याबरोबर हा रागही भरवला.

आणि काथोडनं नेमकी पैलवाडीचीच मुलगी केली. मथी तिचं नाव. लग्न करून तो एकटाच आईच्या पाया पडायला आला. धुरपा अंगणातल्या दगडावर बसली आणि सगळ्या गावासमोर तिनं जिवंत लेकाच्या नावानं आंघोळ केली. गार पाण्याची घागर डोक्यावर उपडी केली.

"माजा लेक मेला," ती म्हणाली.

काथोड पाया न पडताच वळला. मग होडीत बसून पलीकडे गेला.

दुसऱ्या वर्षीच्या माघात एका सकाळी धुरपा आणि शेजारची चांगुणा बांधावर माती टाकत होत्या. समोर नुसतं पांढरं धुकं. त्यातून हाक आली.

"आये, कंच्या अंगाला येऊ?"

चांगुणाच्या हातातली पाटी पडली. "धुरपे, काथोड हाय गो तो."

आईनं लेकाचा आवाज ओळखला नाही असं कधी झालंय का? धुरपानं ओळखला. ओ तिच्या घशापर्यंत आली आणि तिथंच तिनं ती गिळली.

"माज्या लेकाची आंघोळ केलीय मी," ती म्हणाली. "मेल्या माणसाची हाक हाय ती. ओ द्यायची नाय."

हाक तीनदा आली. तिसरी फार लांबून आली, समुद्राच्या अंगानं, कारण ओहोटी लागली होती. दुपारी धुकं उठलं तेव्हा खडकाला अडकलेली पालथी होडी दिसली. काथोड सापडला नाही.

धुरपाला रडताही येईना. सुतकाची आंघोळ आधीच करून झाली होती, आणि एका माणसाची ती दोनदा करता येत नाही, असं जाणती माणसं म्हणाली. पैलवाडीला कुणी निरोपही धाडला नाही. जाणं-येणं बंद होतं ना!

पुढच्या पौषात पहिलं धुकं पडलं आणि हाक आली. "आये, कंच्या अंगाला येऊ?"

गाव दारं लावून बसलं. हाक रोज जवळ येऊ लागली. आधी भर खाडीतून, मग बांधाखालून, मग धुरपाच्या परसातून. तिच्या उंबऱ्यासमोर ओली पावलं उमटायची, येणारी, परत जाणारी नाहीत, असं म्हणतात. गावातली कुत्री भुंकेनाशी झाली. धुरपा कानांत कापसाचे बोळे घालून चुलीपाशी बसे, तरी हाक ऐकू यायचीच. मरणाला ती भीत नव्हती. दार उघडलं तर तो काय विचारेल, याला भीत होती.

मग एका सकाळी वेगळाच आवाज आला. बाईचा. सोबत लहान पोराचं रडणं.

"कुणी हाय का? कंच्या अंगाला येऊ?"

गावानं कड्या तपासल्या. आता तो बायकापोरांचे आवाज काढायला लागला, असं जो तो म्हणाला. धुरपानं दार उघडलं तशी चांगुणानं धावत येऊन तिचा हात धरला.

"नेईल गो तुला."

"नेऊ दे," धुरपा म्हणाली. "त्याला ओ नाय दिली. आता जो कोन असंल त्याला देते."

ती बांध उतरून गुडघाभर चिखलात गेली. तिनं ओ दिली. "ओ! हिकडं ये. मी हाय हितं." एकदा सुरू केली ती थांबलीच नाही. आवाज फाटला तरी देत राहिली.

धुक्यातून होडी आली. पुढचा दोर कुणी ओढावा तसा ताठ होता आणि त्याच्या टोकाला कुणी नव्हतं. होडी चिखलाला लागली तसा दोर सैल पडला. आत मथी होती, कडेवर वर्षाची पोर.

"माजा नवरा द्या," ती म्हणाली. "आयेला पोरीचं सांगून येतो म्हनाला, त्याला वरीस झालं. लपवून ठेवलाव त्याला. तुमची ओ आली तसा फुडं दिसला मना, कंबरभर पान्यात, दोर धरून. आता कुठं गेला?"

धुरपाच्या अंगावर सर्रकन काटा आला. होडी ज्या वाटेनं आली तिथं दोन पुरुष पाणी होतं. तिनं मथीला सगळं सांगितलं, काही झाकलं नाही.

"तो हाका मारीत होता. मी ऐकत होते. मी ओ दिली नाय."

मथीनं कडेवरची पोर छातीशी धरली.

"मंजे त्याच्यासाठी अजून कुनी रडलंच नाय," ती म्हणाली आणि तिथंच चिखलात बसली. धुरपा तिच्याशेजारी बसली. दोघी इतक्या रडल्या, की घराघरांच्या कड्या निघाल्या आणि गाव बांधावर आलं. तेव्हा धुक्यातून एकदाच हाक आली. "आये." या वेळी वाट विचारली नाही.

"ओ, बाला," धुरपा म्हणाली. "ऐकलं."

ती हाक पुन्हा कधी आली नाही. दोघींनी खाडीतच आंघोळ केली आणि कुणाची हिंमत झाली नाही दोनदा-एकदाचं बोलायची. मथीनं सासूला माफ केलं का, ते कुणाला ठाऊक नाही. पोरीला घेऊन ती तिथंच राहिली, एवढं खरं. धुरपा मात्र मरेपर्यंत धुक्याच्या प्रत्येक सकाळी बांधावर जाऊन ओ देई, हाक असो वा नसो.

आता खाडीवर पूल झालाय. तरी पौष-माघात खारशेतातली एकेका घरची बाई पाळीपाळीनं बांधावर उभी राहते आणि धुक्याला ओ देते. त्याला धुरपाची ओ म्हणतात. पलीकडे कोण आहे, हे आधी विचारायचं नाही. आणि जिचं पोर रागावून घर सोडून गेलेलं असतं, ती बाई पाळी नसतानाही येते. तिला कुणी काही बोलत नाही. पाळीची बाई थोडी सरकून तिला जागा देते आणि तिच्याबरोबर तिच्या पोराला ओ देते.