सरळ रेषेतल्या सह्या

रणदिव्यांच्या कोपऱ्यावरच्या दुकानात अंडी, फरसाण आणि दारूची बाटली एकाच काउंटरवर मिळे. बाटली मात्र सकाळी दहानंतर. ती सातपासून विकायची परवानगी त्यांना हवी होती. हरकत घ्यायला गल्लीतून एकटी कुंदा आली होती. कचेरीत तिचा हा तिसरा हेलपाटा. भांडायचं त्राणही उरलं नव्हतं.

रणदिव्यांनी साहेबांपुढे कागद पसरला. “दोनशे गिऱ्हाइकांच्या सह्या!”

“खऱ्या कशावरून?”

“सकाळी सात ते दहा स्वतः दारोदार फिरून घेतल्यात, साहेब. माणसं पूर्ण शुद्धीत होती. बघा, एकेक सही कशी सरळ रेषेत आहे.”

कुंदाने वाकून पाहिलं. तिसरी सही तिच्या नवऱ्याची होती. रोज त्याच वेळेला, त्याच हातांनी तो लेकीची वेणी घालायचा.

“सही खरी आहे, साहेब,” ती दमल्या आवाजात म्हणाली. “दुपारनंतर त्यांना पेन धरवत नाही. आमची माणसं शुद्धीत केव्हा असतात, ते रणदिव्यांनीच सांगितलं. तेवढे तीन तास आम्हाला राहू द्या.”

रणदिवे घाईघाईने कागद गुंडाळू लागले.

“तो इथेच ठेवा,” साहेब म्हणाले. “बाईंच्या हरकतीला पुरावा म्हणून जोडायचाय.”