एकविसाव्या सुरीचा डाख

फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा गादीवर कोण राजा होता हे त्याच्या पणतवंडांनाही सांगता आलं नसतं. तर बाळांनो, ऐका. आणि बाळांच्या आजोबांनो, तुम्हीही डुलक्या न काढता ऐका, कारण गोष्ट तुमच्याच वयाच्या बाईची आहे.

एका डोंगराच्या पायथ्याशी मध काढणाऱ्यांची वस्ती होती. ही माणसं कमरेला दोर बांधून उभ्या कड्यावरून खाली उतरत आणि आग्या मोहळाची पोळी सुरीने कापून काढत. मध लागला की हात बुळबुळीत होतो, आणि बुळबुळीत हात मुठीवरून पात्यावर घसरतो. म्हणून त्यांच्या सुरीला मूठ आणि पातं यांच्यामध्ये पितळेची एक चकती असे. घसरणारा हात त्या चकतीवर येऊन अडायचा.

चकती पात्याच्या टोकाकडून सरकवत मागे न्यायची आणि कथील वितळवून तिथे पक्की करायची. याला डाख देणं म्हणतात. त्या चकतीला जागेवर धरून ठेवणारं दुसरं काहीच नसे, फक्त तो डाख. आणि वस्तीत डाख देणारी एकच होती, धोंडाई.

धोंडाईने चाळीस वर्षं हेच काम केलं होतं. आधी पातं आणि चकती चिंचेने आणि वाळूने लख्ख घासायची, मग नवसागर चोळायचा. पात्याला ओलं फडकं गुंडाळायचं, नाहीतर आचेने त्याची धार मऊ पडते. मग खालून आच द्यायची आणि वर कथलाचा इवलासा तुकडा ठेवायचा. घासणं नीट झालं असेल तर कथील आपणहून फटीत शिरतं, आणि चकतीच्या दुसऱ्या बाजूला केसाएवढी चकचकीत रेघ उमटते. ती रेघ दिसली की धोंडाई "हं" म्हणायची आणि सुरी खाली ठेवायची. नाही दिसली, तर सगळं पहिल्यापासून. तिने डाख दिलेली सुरी कधी सुटली नव्हती. याचा तिला भारी अभिमान होता, आणि का नसावा?

त्या वर्षी डोंगर फुलांनी नुसता लदबदला होता. पोळी इतकी लागली की जुन्या सुऱ्या पुरेनात. पाती घडवणारा रावजी लोहार एकवीस पाती घेऊन धोंडाईच्या ओसरीवर आला.

"मावशी, आठ दिवसांत हव्यात. जमेल ना?"

"हे तू मला विचारतोस?" धोंडाई म्हणाली. "ठेव तिथे आणि चालू लाग."

खरं सांगायचं तर तिला जमणार नव्हतं. पाठ वाकली की सरळ व्हायला वेळ घेत होती. धुराने डोळ्यांना सतत पाणी येई. मनगटं तर सकाळपासूनच ठणकायला लागत. पण हे तोंडातून निघेल तर ती धोंडाई कसली!

पहिल्या दिवशी तीन झाल्या, दुसऱ्या दिवशी तीन. मग दोन-दोनच होऊ लागल्या, तशी ती जेवणं टाळून बसू लागली आणि पुन्हा तीन-तीन उरकू लागली. प्रत्येक सुरीवर रेघ उमटली, प्रत्येकीला तिने "हं" म्हटलं. पण ते "हं" रोज बारीक होत गेलं. आठव्या दिवशी दुपार कलली तेव्हा वीस झाल्या होत्या आणि एक उरली होती.

त्या एकीला घासायचं तिच्या जिवावर आलं. चार हात मारले आणि तिने आच दिली. कथील वितळलं, पण फटीत शिरेना. त्याची गोळी झाली आणि ती घरंगळून निखाऱ्यात पडली. धोंडाईने दुसरा तुकडा ठेवला. त्याचीही गोळी झाली.

आता सगळं थंड करायचं, चकती काढायची, पुन्हा वाळू, पुन्हा चिंच. धोंडाईने नुसती वाळूकडे पाहिलं आणि तिला रडूच आलं. "मेलं, एक तर आहे," ती पुटपुटली. तिने सळई तापवली, कथील चकतीभोवती बाहेरूनच लिंपलं आणि राखेने घासून चकचकीत केलं. बघणाऱ्याला वाटावं, एकविसांत हीच सगळ्यांत देखणी. आत मात्र कथलाने पात्याला धरलंच नव्हतं, आणि हे धोंडाईला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी रावजी आला. त्याने तिच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"मावशी, फार दमलेली दिसतेस. एखादी राहिली असेल तर राहू दे. उद्या नेईन."

धोंडाईच्या ओठांवर शब्द आले होते. पण चाळीस वर्षांत असं कधी म्हटलं नव्हतं, ते आता म्हणायचं?

"दमेल माझा शत्रू! सगळ्या ने," ती म्हणाली. रावजीने सुऱ्या बांधल्या, घरी जाऊन त्यांना लाकडी मुठी बसवल्या आणि वाटून टाकल्या.

त्या दिवशी धोंडाईला वाटलं होतं, पडल्या पडल्या झोप लागेल. झोप कसली लागते! कूस बदलली की ती सुरी डोळ्यांपुढे यायची. तिसऱ्या दिवशी ती काठी टेकत कड्याकडे निघाली. सुरी कोणाच्या वाट्याला गेली असेल हे तिला ठाऊक नव्हतं. एकवीस जणांना विचारावं लागणार होतं, आणि का विचारतेस म्हटलं तर सांगावंही लागणार होतं. या विचाराने ती वाटेत दोनदा बसली.

ती पोचली तेव्हा वर आरडाओरडा चालला होता. सुभान नावाच्या तरुणाला नुकतंच दोराने वर ओढलं होतं. त्याचा उजवा हात फडक्यात गुंडाळलेला होता आणि फडकं लाल झालं होतं. पोळं कापताना चकती पुढे सरकली होती आणि हात सरळ पात्यावर गेला होता.

वस्तीचा म्हातारा नाईक सुभानसमोर उभा होता. "धोंडाईच्या हातचा डाख सुटत नसतो," तो म्हणाला. "तूच सुरी वेडीवाकडी चालवलीस. ज्याच्या हाताचा भरवसा नाही त्याचा दोर आम्ही धरत नाही, हे तुला माहीत आहे. आजपासून तू कड्यावर उतरायचं नाहीस."

सुभानने मान खाली घातली. "माझंच चुकलं असेल," तो म्हणाला. "मावशीचं काम कसं चुकेल?"

धोंडाईला ते ऐकवेना. गप्प बसली असती तर तिचं नाव राहिलं असतं आणि त्या पोराची भाकरी गेली असती. ती पुढे झाली, सुरी उचलली आणि सुटलेली चकती उलटी करून नाईकाच्या डोळ्यांसमोर धरली. आतून ती काळीच होती. कथलाचा ठिपकादेखील लागला नव्हता.

"हे माझं काम आहे, नाईक," ती म्हणाली. "मी दमले होते. घासलं नाही, वरून नुसतं लिंपलं. पोराचा काही दोष नाही. त्याचा दोर सोडू नका."

गर्दीत उभ्या असलेल्या रावजीने तोंड फिरवलं. सुभान मात्र बोलला, तेही न रागावता, आणि तेच धोंडाईला जास्त लागलं.

"मावशी, दमले एवढंच म्हणायचं होतं ना? आम्ही थांबलो असतो. पोळी काय पळून जाणार होती?"

नाईकाने आपला शब्द मागे घेतला, पण सुभानच्या दोन बोटांना पुन्हा पकड आली नाही. तो कड्यावर राहिला, पण दुसऱ्यांचा दोर धरायला. खाली उतरणं त्याला कायमचं सुटलं. धोंडाईने पुढेही डाख दिले, दिवसाला दोनच. आणि कोणी तिसरी सुरी पुढे केली की ती सगळ्यांदेखत म्हणायची, "आज नाही रे बाबा, आज मी दमले."

तात्पर्य : दमलो म्हणण्यात कमीपणा नाही, दमणूक लपवून केलेल्या कामाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.