लोण्याचा वास

अमेरिकेच्या उत्तरेला, नदीच्या वळणावर, एल्डर फोर्ड नावाचं एक छोटं गाव होतं. गावात एक चर्च, एक शाळा आणि बिअर तयार करणाऱ्या दोन लहान ब्रुअऱ्या होत्या. नदीच्या अलीकडची आर्लोची, पलीकडची वेल्माची. बिअरची गोष्ट आणि वर तिला तात्पर्य, असं कुणी म्हणेल. पण हेवा काय दुधाच्या धंद्यात नसतो? तो जिथं घडला तिथलीच गोष्ट सांगायला हवी.

दह्याला विरजण लागतं, तसं बिअरला यीस्ट लागतं. एल्डर फोर्डचं यीस्ट फार जुनं होतं. वेल्माच्या वडिलांनी ते जिवापाड जपलं होतं. आर्लोने ब्रुअरी काढली तेव्हा पहिली बादली त्यांनीच भरून दिली होती. त्या यीस्टची बिअर नाकाशी नेली की आधी पिकल्या केळ्याचा वास येई आणि मागून हलकेच लवंगेचा. तसा वास त्या मुलखात दुसऱ्या कुठल्याच बिअरला नव्हता. आर्लो त्यावर काळसर बिअर करी, वेल्मा फिकट. दोन्ही गहू आणि बार्लीच्याच.

यीस्ट कधी थकतं, कधी मरतं. मग ज्याचं गेलं त्याने पूल ओलांडायचा आणि दुसऱ्याने आपली बादली भरून द्यायची. का आणि कशाला, हे विचारायचं नाही. फक्त एक रीत होती. बादली रिकामी परत करायची नाही. नव्या बिअरच्या पहिल्या बाटल्या तिच्यात ठेवून ती पोचवायची. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाहीत, तसंच.

आर्लो काही वाईट माणूस नव्हता. कष्टाळू होता, शब्दाचा पक्का होता आणि त्याचं नाक तर सगळ्या खोऱ्यात नावाजलेलं होतं. बार्ली जरा जास्त भाजली गेली तरी त्याला दारातूनच कळे. पण एक गोष्ट त्याला सलत होती. एक मासिक दर वर्षी देशातल्या उत्तम छोट्या ब्रुअऱ्यांची क्रमवारी छापत असे. वेल्माचं नाव तिच्यात येऊ लागलं होतं. आर्लोचं कधी आलं नव्हतं. लांबून आलेल्या गाड्या त्याच्या दारात थांबत, काच खाली होई आणि आतून कुणी तरी विचारी, "वेल्माची ब्रुअरी कुठं हो?"

आर्लो हसून पुलाकडे हात दाखवी. गाडी गेली की त्याचं तोंड कडू होई.

त्या वर्षी राज्याची मोठी स्पर्धा भरली. वेल्माच्या ट्रकमधून दोघं एकत्रच गेले. वाटेत तिने आणलेलं सँडविच दोघांनी अर्धं अर्धं खाल्लं. स्पर्धेत ब्रुअरीवालेच पंच होत. आपण ज्या गटात बिअर उतरवली, त्या गटाच्या टेबलाला मात्र बसायचं नाही, असा नियम होता. आर्लोची बिअर काळसर गटात होती. म्हणून त्याला फिकट गटाच्या टेबलांपैकी एक मिळालं. पेल्यांवर नावं नव्हती, फक्त क्रमांक. आणखी एक नियम होता. एखादा पेला कुणाचा ते ओळखू आलं, तर पंचाने तो खाली ठेवायचा आणि गुपचूप उठून जायचं.

आर्लोच्या शेजारी दोघं नवखे पंच बसले होते. पेले येत होते, जात होते. मग एक पेला आला आणि आर्लोने तो नाकाशी नेला. आधी पिकलं केळं. मागून लवंग.

आपल्या घराचा वास माणसाला कळणार नाही का? पेला वेल्माचा होता. बिअर उत्तम उतरली होती, तिने आजवर केलेल्या सगळ्या बिअरमध्ये उत्तम. आर्लोने उठायला हवं होतं. पण तो बसून राहिला.

"वा!" पहिला पंच म्हणाला. "पदक हिलाच द्यायला हवं."

"थांबा जरा," आर्लो म्हणाला. "तुम्हाला लोण्याचा वास येत नाही?"

लोणी पावावर कितीही गोड लागो, बिअरमध्ये त्याचा वास हा मोठा दोष. टाकीत किंवा नळीत जंतू शिरल्याची ती खूण. दोन्ही पंचांनी पुन्हा पेले उचलले आणि डोळे मिटून हुंगले. एवढ्या मोठ्या नाकाच्या माणसाला येतोय म्हटल्यावर आपल्याला न येऊन कसं चालेल?

"हो की," पहिला जरा वेळाने म्हणाला. "थोडासा आहे खरा."

"मला तर आता चांगलाच येतोय," दुसरा म्हणाला.

पेला बाजूला सरकवला गेला. त्याच्यावरचा फेस अजून तसाच उभा होता. आर्लोने तिकडे पाहण्याचं टाळलं आणि तो घोटभर पाणी प्यायला. कान त्याचे तापले होते.

संध्याकाळी काळसर गटाचं सोन्याचं पदक आर्लोला मिळालं. सगळ्यात मोठ्याने टाळ्या वेल्माने वाजवल्या. तिला काहीच मिळालं नव्हतं. तिच्या बिअरला लोण्याचा वास येतो असं पंचांचं मत पडल्याचं तिला सांगण्यात आलं होतं.

परत येताना ट्रक वेल्मा चालवत होती. मग समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "आर्लो, एवढं नाक आहे तुझं. दर शनिवारी माझ्याकडे येऊन पितोस. मग आधी का नाही सांगितलंस?"

खरं बोलायला याहून बरी वेळ त्याला मिळणार नव्हती. ट्रकमध्ये दोघंच होते. शब्द त्याच्या ओठावर आले होते.

"तुला वाईट वाटेल म्हणून," तो म्हणाला.

वेल्माने त्याच्या हातावर हलकेच थोपटलं. "पुढच्या वेळी सांगत जा. वाटू दे वाईट."

पदक त्याच्या खिशात होतं. घरापर्यंत ते त्याला टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी वेल्माने आपल्या टाकीची तोटी उघडली आणि सगळी बिअर सोडून दिली. गटारातून पांढरा फेस वाहताना गावाने पाहिला. मग तिने साठवणीचं यीस्टही ओतलं. बापाने जपलेलं यीस्ट, स्वतःच्या हाताने. पंच म्हणतात तर असेलच, आणि असेल तर लोकांना कसं पाजायचं, एवढा साधा तिचा हिशोब. दारावर तिने "बंद" अशी पाटी लावली.

आर्लोला घरी बसवेना. तो ब्रश घेऊन तिच्याकडे गेला. दोघांनी मिळून नळ्या उकळल्या, टाक्या घासल्या. नळ्या आरशासारख्या स्वच्छ होत्या. त्यांत काही नव्हतंच, हे घासणाऱ्या दोघांपैकी एकालाच ठाऊक होतं. वेल्मा पुन्हा पुन्हा नळीत डोकावे आणि म्हणे, "कुठून शिरले असतील रे?" आर्लो मान खाली घालून घाशीत राही. तिने दमल्यावर त्याला कॉफी करून दिली, तीही त्याला प्यावी लागली. माणसाची लाज कधी कधी अशी मुकी होते. ती कामाला हात लावते, तोंड उघडत नाही.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. वेल्माच्या टाक्यांत घाण निघाली, इथपर्यंत ती पोचली. आर्लोने ती खोडून काढली नाही.

मग मासिकाचा अंक आला. क्रमवारीत आर्लोचं नाव होतं, वेल्माचं गळलं होतं. आता गाड्या पुलापर्यंत जाईनाशा झाल्या. शनिवारी आर्लोच्या ब्रुअरीत पाय ठेवायला जागा उरली नाही. लोकांनी पदक भिंतीवर टांगलं, त्याच्या खाली उभं राहून फोटो काढले. आर्लो हसत होता. इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली, तो दिवस त्याला कधी एकदा संपतो असं झालं होतं.

तेवढ्यात मागच्या दाराने वेल्मा आत आली. तिने त्याला खूण करून टाक्यांच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

"आज बादल्या धुताना डोक्यात आलं," ती हळू आवाजात म्हणाली. "वसंतात तुझं यीस्ट मेलं होतं. माझ्याकडूनच नेलंस तू. म्हणजे माझ्यातला दोष तुझ्यातही आला असणार. तुझ्या बिअरमध्ये भाजल्या बार्लीचा वास दांडगा, त्याखाली तो झाकला जात असेल. पण एक दिवस कुणाला तरी येईलच. आज कुठं तुझं नाव झालंय, आर्लो. कुणी ओळखायच्या आत ओतून टाक. बाहेर काय सांगायचं ते मी सांगते. म्हणेन, माझ्यामुळे झालं."

आर्लोने टाकीकडे पाहिलं. माझी बिअर चांगली आहे म्हणावं, तर तिचीही चांगलीच होती हे कबूल करावं लागणार. आणि ते कबूल करण्यापेक्षा अख्खी टाकी गटारात गेलेली परवडली, असं त्या क्षणी त्याला वाटलं. तो वाकला आणि त्याने टाकीच्या तळाची तोटी उघडली.

टाकीच्या तळाशी यीस्ट बसलेलं असतं. तोटी उघडली की आधी तेच येतं. सायीसारखं दाट, पिवळसर यीस्ट भदाभदा फरशीवर पडू लागलं आणि मोरीकडे सरकलं. खोलीभर वास सुटला. पिकलं केळं, आणि मागून लवंग. वेल्माकडचं यीस्ट संपलेलं होतं. आर्लोकडेही दुसरं नव्हतं. हे गेलं की जगात त्याचा थेंब उरणार नव्हता.

वेल्मा त्या वाहत्या यीस्टकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते तिने पुसलंही नाही, आणि थांब असंही ती म्हणाली नाही.

आर्लोने झटक्यात तोटी बंद केली. तो ओल्या फरशीवर तसाच गुडघ्यांवर बसला.

"वास नव्हता, वेल्मा."

"म्हणजे?"

"तुझा पेला माझ्या टेबलावर आला होता. मी ओळखला. त्यात काही दोष नव्हता. ती सगळ्यात चांगली होती. मी खोटं बोललो."

वेल्मा त्याच्याकडे वळली. ओरडेल, निदान एक थोबाडीत मारेल, असं त्याला वाटलं. मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"नळ्या घासायला आला होतास तू," ती एवढंच म्हणाली.

मग तिने कोपऱ्यातली त्याची बादली उचलली, तोटीखाली धरली आणि हवं तेवढं यीस्ट भरून घेतलं. जाताना दाराशी थांबली. "बाहेर लोक थांबलेत तुझ्यासाठी. जा."

आर्लो बाहेर गेला. गुडघे ओले, हातांना यीस्ट लागलेलं. एका पाहुण्याने पेला उंचावून विचारलं, "काय हो, गुपित काय तुमच्या बिअरचं?"

आर्लोने भिंतीवरचं पदक काढलं आणि सांगितलं. सगळं सांगितलं, पेला ओळखल्यापासून नळ्या घासण्यापर्यंत. आवाज मध्येच चिरकला तरी तो थांबला नाही. कुणी तरी अर्धा पेला टेबलावर ठेवून निघून गेलं, मागोमाग आणखी काही जण. शाळेतल्या बाई त्याच्या जुन्या ग्राहक. त्या जाता जाता म्हणाल्या, "तिच्याकडे घाण निघाली असं मीसुद्धा चार जणांना सांगितलं रे," आणि त्याही खाली मान घालून गेल्या. पदक आर्लोने परत केलं. पंचाच्या खुर्चीवर त्याला पुन्हा कुणी बसवलं नाही, आणि बसवा असं तोही म्हणाला नाही. पुढच्या क्रमवारीत त्याचं नाव नव्हतं.

वेल्माची पाटी उतरली. गाड्या पुन्हा पूल ओलांडू लागल्या. कुणी आर्लोला वाट विचारी, तेव्हा तो चार पावलं पुढे जाऊन दाखवी. पण शनिवारी तिकडे जायचा धीर त्याला होत नव्हता.

एका सकाळी त्याने दार उघडलं, तर पायरीवर त्याची बादली ठेवलेली होती. घासून लख्ख केलेली. आणि रिकामी नव्हती. आत नव्या बिअरच्या दोन बाटल्या होत्या, रीतीप्रमाणे. चिठ्ठी नव्हती, निरोप नव्हता.

आर्लो पायरीवरच बसला. त्याने एक बाटली उघडली आणि नाकाशी नेली. आधी पिकलं केळं, मागून लवंग. लोण्याचा मागमूस नाही. त्याने बाटली ओठाला लावली, पण घोट काही केल्या घशाखाली उतरेना.

तात्पर्य: हेव्यापोटी चांगल्याला वाईट म्हटल्याने ते वाईट होत नाही, पण आपल्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्याचं घर बुडतं, आणि त्याने क्षमा केली तरी आपली लाज आपल्यालाच गिळावी लागते.